बी निगेटिव्ह आहे, जोडीदार पुरुष आहे. रविवारी रक्त देऊ का?

खाडीकाठ (कोपरखैरणे):
सोसायटीच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे. माझा गट बी निगेटिव्ह, म्हणून सेक्रेटरीकाकांनी न विचारताच नाव यादीत घातलंय. वजन, हिमोग्लोबिन ठीक. अडतंय ते फॉर्मवर. आम्ही दोघं बरीच वर्षं एकत्र राहतो, तिसरं कुणी नाही, दोघांच्याही एचआयव्ही चाचण्या निगेटिव्ह. तरी २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुरुषाशी संबंध असलेला पुरुष कायमचा बाद. आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ बँकॉकच्या गोष्टी चवीनं सांगतात, आणि दरवर्षी प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढतात! गपचूप 'नाही'वर खूण करू का?

पेढीवाली (ठाणे):
करू नका. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस कुठलीच चाचणी ती पकडत नाही. नॅट (थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) केली तर हा काळ साधारण १०-११ दिवस, एलायझा या नेहमीच्या स्वस्त चाचणीला जास्त. आणि नॅट आपल्याकडे सक्तीची नाही, महाग पडते. केंद्रानं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं, पुरुषांशी संबंध असलेले पुरुष आणि नियमानं बाद केलेले असे इतर गट, यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण इतरांच्या ६ ते १३ पट आहे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराची मुलं महिन्याला पिशवी चढवून घेतात, आधी त्यांचा विचार. तुमच्या शेजाऱ्यांनाही नियम सोडत नाही बरं, अनेक जोडीदार असणारेही त्याच कलमात आहेत. ते लपवतात, एवढंच.

सानपाडा_लोकल:
ताई, ६ ते १३ पट हा गटाचा आकडा झाला, या माणसाचा नाही. आणि ११ दिवसांच्या भीतीला जन्मभराची बंदी? ब्रिटननं जून २०२१ पासून बाई असो की पुरुष, सगळ्यांना तेच विचारायला घेतलं: गेल्या तीन महिन्यांत नवा किंवा एकाहून जास्त जोडीदार होता का, त्याच्याशी गुदसंभोग झाला का? झाला असेल तर थांबा. कॅनडानं २०२२ ला, अमेरिकेनं २०२३ ला तीच वाट धरली.

पेढीवाली (ठाणे):
तिकडे सगळ्या रक्ताची नॅट होते. इथे आधी तेवढे पैसे आणा, मग प्रश्न बदला, माझी ना नाही. मे २०२५ मध्ये कोर्टानंही केंद्राला या बंदीवर तज्ज्ञांचं मत घ्यायला सांगितलंय.

खाडीकाठ:
बरं, फॉर्मवर खोटं लिहीत नाही. पण भर मंडपात काकांना काय सांगू?

पेढीवाली (ठाणे):
'गोळ्या चालू आहेत' म्हणा. कुणी खोदून विचारत नाही.

खाडीकाठ:
म्हणजे फॉर्मवर खरं आणि काकांशी खोटं. ठीक आहे, चहा-बिस्किटांच्या टेबलावर बसतो.