मदत हवी आहे: पुराचं पाणी अंगणातल्या टाकीत शिरू नये म्हणून काय करावं?

घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगा नदीच्या बाजूला. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी आत आलं. सामानाचं आता जमतं; राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी ३९ फूट (इशारा पातळी) झालं की माळ्यावर चढवायला लागतो, ४३ ची (धोका पातळी) वाट बघत नाही.

अडतंय जमिनीतल्या सिमेंटच्या टाकीपाशी. झाकण लोखंडी. मागच्या वेळी खाली सायकलची ट्यूब कापून बसवली, वर ताडपत्री आणि वाळूची पोती. तरी तळाला वीतभर काळा गाळ, आणि वास पंधरा दिवस गेला नाही. टाकी भरलेलीच ठेवली होती. वरची टाकी यंदा शक्य नाही, घर भाड्याचं आहे.

झाकण पाणबंद करायला तुम्ही नेमकं काय वापरलंत? आणि ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंड कसं बंद केलंत?