मदत हवी आहे: व्हाइटलिस्ट करूनही कस्टमरचे मेल परत जातायत (अर्जंट)

शिरोलीवाला · सोमवार, सकाळी १०:४२
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. मेल सर्व्हर ऑफिसातच आहे, मीच बघतो (मूळ काम स्टोअरचं, पण कॉम्प्युटरचं थोडं कळतं म्हणून गळ्यात पडलंय). शनिवारपासून बाहेरचा एकही मेल येत नाही. पुण्याच्या कस्टमरनं पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवली, ती परत गेली. "तुमचा सर्व्हर आम्हाला स्पॅमर म्हणतोय" असा फोन आला, तोही थेट साहेबांना. त्यांचं डोमेन व्हाइटलिस्टमध्ये (यांचे मेल अडवू नका, अशी यादी) टाकलं, तरी तेच. काही बदललेलं नाही. व्हाइटलिस्ट का चालत नाही? लवकर सांगा, साहेब दर अर्ध्या तासाला येऊन उभे राहतात.

गूळभेंडी · १०:५१
कोणता सर्व्हर? व्हाइटलिस्ट कशात टाकली? परत गेलेल्या मेलवर नेमकं काय लिहिलंय? पत्रिका दाखवायची नाही आणि भविष्य विचारायचं, असं कसं?

निवांत · १०:५५
कशाला हे लोढणं बाळगता? क्लाउडवर टाका. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो, महिन्याला माणशी पैसे भरायचे आणि झोपायचं.

शिरोलीवाला · ११:०३
पैशांचं साहेबांना तुम्हीच सांगा. उबुंटूवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि स्पॅमअ‍ॅसॅसिन आहे. स्पॅम ओळखणाऱ्या या फिल्टरच्या लोकल डॉट सीएफ फाइलमध्ये व्हाइटलिस्ट_फ्रॉम लिहून कस्टमरचं डोमेन टाकलंय. आमचं स्वतःचं डोमेन तर आधीपासून आहेच.

बंदोबस्त · ११:१२
इथंच घोळ आहे. गेटवरचा वॉचमन ट्रक परत पाठवतोय आणि तुम्ही स्टोअरच्या रजिस्टरात ट्रकचा नंबर लिहून ठेवलाय. पोस्टफिक्स मेल दारातच नाकारत असेल, तर तो स्पॅमअ‍ॅसॅसिनपर्यंत पोचतच नाही. मग तिथली व्हाइटलिस्ट कोण वाचणार? मेल डॉट लॉगमधली 'रिजेक्ट'ची एक ओळ टाका.

आणि स्वतःचं डोमेन आधी काढा! व्हाइटलिस्ट_फ्रॉम फक्त 'फ्रॉम'चा पत्ता बघतं, तो कुणीही खोटा लिहू शकतो. तुमच्या साहेबांच्या नावानं आलेल्या बोगस मेलला उणे १०० गुण मिळतात, म्हणजे स्पॅम ठरवणारी पाच गुणांची रेघ तो कधीच ओलांडणार नाही.

शिरोलीवाला · ११:२०
तसे मेल आलेत खरे. "बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथं करा" असा अकाउंट्सला आला होता. म्हणूनच मी ब्लॅकलिस्ट कडक केली.

कागलकर · ११:२४
पैसे गेले असतील तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन करा. आमच्या शेजारच्या शेडमध्ये असंच झालं होतं.

शिरोलीवाला · ११:२६
पैसे गेले नाहीत हो. मेल येत नाहीत.

बिंदूचौकातला · ११:३१
एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लावा. आमचे कोटेशन लोकांच्या स्पॅममध्ये जायचे, हे केल्यावर दोन दिवसांत फरक पडला.

गूळभेंडी · ११:३३
भाऊ, त्यांचे जात नाहीत असं नाही, त्यांना *येत* नाहीत. प्रश्न तरी वाचा की.

शिरोलीवाला · ११:४०
लॉगमध्ये हे आहे: ५५४ ५.७.१, क्लायंट होस्ट ब्लॉक्ड युजिंग झेन डॉट स्पॅमहॉस डॉट ऑर्ग. शंभरेक ओळी अशाच. पण स्पॅमहॉसची ही झेन यादी (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची) दोन वर्षांपासून लावलेली आहे, कधी त्रास नाही.

बिंदूचौकातला · ११:४४
मग यादीवाल्यांनी दुकान बंद केलं असेल. ओआरडीबी ही अशीच यादी २००६ मध्ये बंद पडली, तरी लोकांनी सर्व्हरमधून तिचं नाव काढलं नाही. शेवटी २००८ च्या मार्चमध्ये तिनं सरसकट सगळ्यांनाच 'स्पॅमर' म्हणायला सुरुवात केली. त्या दिवशी माझा फोन गरम झाला होता. यादी काढून ग्रेलिस्टिंग (अनोळखी मेल पहिल्यांदा परत पाठवायचा, पुन्हा आला की घ्यायचा) लावा, मोकळे व्हा.

बंदोबस्त · ११:५०
झेन चालू आहे. बंद झाली ती सॉर्ब्स ही दुसरी यादी, जून २०२४ मध्ये. आणि ग्रेलिस्टिंगचं कौतुक पुरे. मोठ्या क्लाउडवाल्यांचा मेल दर खेपेला वेगळ्या आयपीवरून येतो, पहिल्यांदा परत पाठवला की दोन-दोन तास घोटाळत राहतो. पीओसाठी ते परवडतं का?

बिंदूचौकातला · ११:५३
मी बारा वर्षं लावतोय. एकाचीही तक्रार नाही.

बंदोबस्त · ११:५४
तक्रारीचा मेलसुद्धा अडकून पडला असेल.

गूळभेंडी · ११:५८
तुमचं चालू द्या. शिरोलीवाला, जीमेलवरून स्वतःला एक मेल टाकून बघा. तोही नाकारला तर लिस्टिंगचा प्रश्नच नाही, सगळं जग एका रात्रीत स्पॅमर होत नाही. मग सर्व्हरवर डिग कमांडनं डीएनएसला (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) २.०.०.१२७ डॉट झेन डॉट स्पॅमहॉस डॉट ऑर्ग विचारा. ही त्यांची चाचणीची नोंद आहे, उत्तर १२७.०.०.२ वगैरे यायला हवं.

शिरोलीवाला · दुपारी १२:१०
जीमेलचाही परत गेला. डिगचं उत्तर १२७.२५५.२५५.२५४.

गूळभेंडी · १२:१३
सापडलं. हे लिस्टिंग नव्हे, एरर कोड आहे. "तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (सगळ्यांसाठी खुला डीएनएस सर्व्हर) विचारताय, उत्तर देणार नाही" असा त्याचा अर्थ. पण तुमच्या पोस्टफिक्सला काहीही उत्तर आलं तरी चालतं, तो त्याला 'स्पॅमर'च समजतो. सर्व्हरचा डीएनएस काय आहे?

शिरोलीवाला · १२:१७
८.८.८.८, गूगलचा सार्वजनिक. शुक्रवारी संध्याकाळी नेटवाला नवीन लाइन टाकून गेला, त्यानंच सेट करून दिला.

गूळभेंडी · १२:१८
"काही बदललेलं नाही" म्हणाला होतात!

शिरोलीवाला · १२:१९
सर्व्हरमध्ये *मी* काही बदललं नाही हो.

पंचगंगाकाठ · १२:२५
सर्व्हर तळमजल्यावर आहे का? २०१९ च्या महापुरात हायवे बंद होता तेव्हा आमचा यूपीएस पाण्यात गेला. २०२१ ला आधीच वर उचलला, म्हणून वाचला. पावसाळ्याआधी बघून घ्या.

बंदोबस्त · १२:३१
आत्ता लगेच एक करा: पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफमध्ये सॉफ्ट_बाउन्स = येस टाकून रिलोड मारा. म्हणजे ५५४ (कायमचा नकार) च्या जागी ४५४ (तात्पुरता नकार) जाईल, मेल समोरच्याच्या रांगेत थांबेल आणि तो पुन्हा प्रयत्न करील. मग निवांत दुरुस्ती. सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवा आणि रिझॉल्व्हरचा पत्ता १२७.०.०.१ करा. यादीच्या ओळीत नावापुढे =१२७.०.०.[२..११] जोडा, म्हणजे एरर कोड आला तरी दार बंद होणार नाही.

कस्टमरचा आयपी कधी खरंच यादीत गेला, तर त्याच्यासाठी पोस्टफिक्समधली व्हाइटलिस्ट, म्हणजे चेक_क्लायंट_अ‍ॅक्सेस यादीच्या ओळीच्या वर लिहा, पण रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशनच्या (परक्या डोमेनसाठीचे मेल नाकारणारी ओळ) खाली. त्याच्या वर 'ओके' दिलंत, तर व्हाइटलिस्टमधला माणूस तुमच्या सर्व्हरवरून जगभर मेल पाठवू शकेल.

निवांत · १२:३५
एवढ्या वेळात क्लाउडवर जाऊन जेवूनही आला असता.

शिरोलीवाला · १:४८
अनबाउंड बसवला. डिगचं उत्तर अजून तेच!!

गूळभेंडी · १:५२
अनबाउंडनं प्रश्न पुढं ८.८.८.८ कडेच ढकलला असणार. त्याच्या सेटिंगमध्ये फॉरवर्ड-झोन दिसतंय का? असेल तर काढा, त्याला स्वतः मुळापासून शोधू द्या. आणि पोस्टफिक्सला रिलोड नको, रीस्टार्ट मारा. उबुंटूवर तो स्वतःच्या फोल्डरात रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची (डीएनएसचा पत्ता असलेल्या फाइलची) वेगळी प्रत ठेवतो, जुनीच धरून बसेल.

शिरोलीवाला · २:२०
होतं फॉरवर्ड-झोन! काढलं, रीस्टार्ट मारला. १२७.०.०.२, .४, .१० आलं. जीमेलचा मेल आला. साहेबांच्या मेहुण्यांचे गुड मॉर्निंगचेसुद्धा आले. सॉफ्ट_बाउन्सही परत नो केला. शनिवारपासून परत गेलेले मेल सर्व्हरवर कुठं सापडतील?

बंदोबस्त · २:२६
कुठंच नाही. ५५४ म्हणजे मेल आत आलाच नाही. पण 'रिजेक्ट'च्या ओळीत कुणी, कुणाला पाठवला होता ते दोन्ही पत्ते आहेत. ग्रेप (शोधायची कमांड) मारा, यादी काढा आणि फोन लावा. स्वतःचं डोमेन व्हाइटलिस्टमधून काढलंत का? कस्टमरसाठी व्हाइटलिस्ट_ऑथ वापरा, एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळलं तरच ते लागू होतं.

शिरोलीवाला · ४:०५
काढलं. खरे कस्टमर आणि सप्लायर मिळून २३ पत्ते निघाले. १४ फोन झाले. पुण्यावाल्यानं पीओ परत पाठवली, पण डिलिव्हरीची तारीख तीच ठेवलीय, दोन दिवस आमचे गेले. नेटवाला फोन उचलत नाही.

कागलकर · ४:३०
माझ्या मोबाइलवर रोज कर्जाचे मेसेज येतात, ते पण यात बंद होतील का?