शब्दचर्चा : शस्त्रसंधी, युद्धबंदी, तह, आणि रसद व कुमक यांतला फरक

योगेश्वरीनगरी (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीला मराठी शिकवते. वर्गात भाषांतरासाठी एक उतारा घेतला होता. दोन बाजूंत समझोता झाल्यावर गोळीबार खरंच थांबला का, मागून सैन्य आणि सामान पुढे सरकतंय का, यावर लक्ष ठेवणाऱ्या पथकाबद्दलचा. वर्गात जितकी मुलं तितके शब्द निघाले. शस्त्रसंधी, युद्धबंदी, युद्धविराम, संघर्षविराम, तह. पुढे 'लष्करी पुरवठ्याच्या हालचालींवर देखरेख' असं सगळ्यांनीच लिहिलं, पण त्या पथकानं नेमकं काय मोजायचं, हे एकालाही सांगता आलं नाही. गाडीभर पीठ गेलं तरी पुरवठा, गाडीभर तोफगोळे गेले तरी पुरवठाच. या शब्दांत फरक कसा करावा? आणि शस्त्रसंधी 'झाली' म्हणावं की 'झाला'?

परळीकर

संस्कृतात संधी पुल्लिंगी. व्याकरणातला संधी मराठीतही 'तो'च आहे. 'चालून आलेली संधी' मात्र 'ती', आणि तिच्या वजनानं वर्तमानपत्रांत शस्त्रसंधीही स्त्रीलिंगी होऊन बसली आहे. दोन्ही चालतं. एका लेखात एकच ठेवा म्हणजे झालं.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, मुलं जिथं अडली ती जागा महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तह म्हणजे भांडणाचा निवाडा. कुणी काय द्यायचं, काय घ्यायचं, हे त्यात ठरतं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले. १७६० ला आपल्या उदगीरला लढाई झाली, त्यानंतरच्या तहात निजामाला दौलताबादसह मोठा मुलूख सोडावा लागला. शस्त्रसंधीत असं देणं-घेणं नसतं. हत्यार जिथं आहे तिथं थांबवायचं, एवढंच. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली आणि तह आजपर्यंत झालेला नाही. मुलांना हे एक उदाहरण दिलं तरी दोन शब्दांमधलं अंतर कळेल.

'युद्धबंदी' मी टाळतो. दारूबंदी, नोटबंदीच्या चालीवर तो बनलाय हे खरं, पण युद्धात पकडलेल्या कैद्यालाही आपण युद्धबंदीच म्हणतो. १९७१ च्या युद्धाबद्दल वाचताना '९३ हजार युद्धबंदी' असं येतं, तिथं लढाई थांबण्याचा काही संबंध नाही. 'संघर्षविराम' हिंदी बातम्यांतून आला. चूक नाही, पण शस्त्रसंधी असताना त्याची गरज मला वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. 'लष्करी पुरवठा' हा शब्द सोडून द्या. आपल्याकडे दोन जुने, कामाला आलेले शब्द आहेत. रसद आणि कुमक. रसद फारसीतून आली, कुमक तुर्कीतून, आणि दोन्ही मराठी कागदपत्रांत शतकानुशतकं वावरल्या आहेत. रसद म्हणजे जे सैन्य आहे त्याला जगवणारं सामान. धान्य, चारा, औषध, कपडे. पानिपतावर रसद तुटली आणि माणसं-जनावरं उपाशी राहिली. कुमक म्हणजे सैन्यात नव्यानं पडणारी भर, माणसांची किंवा हत्यारांची. शस्त्रसंधीचे बरेच करार याच फरकावर उभे असतात. रसद चालू ठेवायची, कुमक थांबवायची. ठाण्यावरच्या शिपायाला भाकरी मिळाली पाहिजे, पण ठाण्यात कालपेक्षा जास्त शिपाई दिसता कामा नयेत.

योगेश्वरीनगरी (अंबाजोगाई)

हे फार छान सांगितलंत दादा. पण एक तोफ मोडली आणि तिच्या जागी दुसरी आणली, तर ती रसद की कुमक? माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हाच प्रश्न विचारला होता.

गोदाकाठ (नांदेड)

त्या मुलीला शाबासकी द्या. करार लिहिणारे याच प्रश्नाशी झगडले आहेत.

कोरियाच्या करारातल्या १३ व्या कलमात याचं उत्तर आहे. माणसांच्या बाबतीत माणसास माणूस. एक शिपाई परत गेला तर त्याच्या जागी एक येईल, आणि तेही महिन्याला ३५ हजारांच्या आत. हत्यारांच्या बाबतीत नगास नग. निकामी झालेली किंवा संपलेली वस्तू त्याच प्रकारच्या, तेवढ्याच ताकदीच्या वस्तूनं भरून काढायची. जुन्या विमानाच्या जागी नवं जेट आणलं तर ती बदली नव्हे, ती कुमक झाली. हे तपासायला स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांचा आयोग होता. माल कुठूनही आत येऊ नये म्हणून उत्तरेत ५ आणि दक्षिणेत ५ ठिकाणं ठरवून दिली, आणि त्या ठिकाणी तपासणी पथकं बसवली. बुसान, इंचॉन ही दक्षिणेतली बंदरं त्यातलीच.

हे टिकलं नाही. दक्षिणेकडच्या बाजूचा आरोप असा की उत्तरेत ठरलेल्या ठिकाणांना वळसा घालून नवी हत्यारं येतायत आणि पथकांना ती दाखवलीच जात नाहीत. १९५६ मध्ये पथकं बाहेर काढली गेली. जून १९५७ मध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेनं नगास नग हे बंधन आपण यापुढे पाळणार नाही असं जाहीर केलं. शस्त्रसंधी उरली, तिच्या आतलं मोजमाप गेलं. मराठीत 'शस्त्रसंधीचं उल्लंघन' असं एकच वाक्य लिहिलं की हा सगळा भाग झाकला जातो, याची मला खरोखर काळजी वाटते. गोळी सुटणं हे एक उल्लंघन. गोळी न सोडता गुपचूप हत्यार वाढवणं हे दुसरं, आणि पुढची लढाई अनेकदा या दुसऱ्यातून उगवते.

माजी सुभेदार (उदगीर)

मी वाचायलो मघापासून. दोन गोष्टी सांगतो.

काश्मीरच्या ताबारेषेवर आमच्या तोंडी शस्त्रसंधी हा शब्द नव्हताच, सगळे 'सीजफायर' म्हणायचे. आणि मोडली असं कुणी म्हणत नव्हतं. 'व्हायलेशन झालं' म्हणायचे. त्याची नोंद व्हायची: किती वाजता, कुठल्या दिशेनं, कुठलं हत्यार, किती वेळ. नोंद नसली तर वरती कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, गोळीबाराची मोजणी सगळ्यांना कळते, पण फौजी माणूस आधी मागची वाट बघतो. ट्रक वाढले का, रात्री दिवे बंद करून गाड्या जायल्यात का, खेचरं जास्त लागायलीत का, नवे बंकर खोदायलेत का. समोरून गोळी येत नाही म्हणून निवांत झोपणारा अधिकारी मी बघितला नाही. काश्मीरसाठी भारत-पाकिस्तानात झालेल्या १९४९ च्या कराची करारात तर हे लिहूनच ठेवलं होतं. सैन्यानं रेषेपासून निदान ५०० यार्ड मागं राहायचं, आणि पुढच्या भागात ताकद वाढवायची नाही. तोही करार २७ जुलैचाच.

बाकी ते थोरात साहेब, एस. पी. पी. थोरात, आपलेच मराठी. १९५३-५४ ला कोरियात भारताची जी फौज गेली होती तिचे प्रमुख. युद्धकैद्यांना सांभाळायचं अवघड काम होतं ते. या कैद्यांसाठी तटस्थ राष्ट्रांचा वेगळा आयोग होता, वर सांगितलेला तपासणीचा नव्हे; त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या. मुलांना सांगा हे.

जायकवाडी (पैठण)

कोरियापर्यंत जायची गरज नाही. आपल्या आजोबांनी हे सगळं अंगावर झेललंय.

२९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि भारत सरकार यांच्यात एक वर्षासाठी 'जैसे थे करार' झाला. या नावाला मी मराठीतलं उत्तम नाव मानते. काय थांबलं आणि काय बदलायचं नाही, हे दोन शब्दांत कळतं. पण कराराचं पालन होतंय का, हे पाहणारं तटस्थ पथक त्यात नव्हतं. दोन्हीकडे एकेक प्रतिनिधी नेमायचा, भारताकडून हैदराबादेत कन्हैयालाल मुन्शी आले. तंटा झाला तर लवादाची तरतूद होती. नाक्यावर उभं राहून गाडी मोजणारा माणूस मात्र कुणीच नव्हता.

मग काय झालं ते मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भारताच्या तक्रारी अशा: निजामानं पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज दिलं, भारतीय चलनावर बंदी घातली, रझाकारांना मोकळं सोडलं. निजामाच्या तक्रारी अशा: आमची आर्थिक कोंडी केली, फौजेला हत्यारं दिली नाहीत, सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून आमच्या हद्दीत हल्ले होतात. कॅम्प होते हे खरंच आहे. उमरखेड, बार्शीकडच्या कॅम्पांतून लढलेल्यांची नावं आपल्या गावागावांत सांगितली जातात, आणि रझाकारांचा जुलूम बघता त्यांनी जे केलं त्याबद्दल मला अभिमान आहे. पण शब्दाच्या अंगानं बघायचं तर प्रत्येक बाजू दुसरीला करार मोडणारी म्हणत होती आणि तिसरा साक्षीदार नव्हता.

कुमकेचं उदाहरण तर अगदी दाराशी आहे. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून निजामासाठी हत्यारं आणत होता. बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर ती उतरत. बीदर उदगीरच्या पलीकडेच. जमिनीवरच्या वाटांवर कोंडी होती, म्हणून हत्यारं आभाळातून आली. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १३ तारखेला सुरू आणि १७ ला निजामाची शरणागती. कराराचं वर्ष पुरं व्हायचंच होतं.

शब्द म्हणून एक सुचवते. कोरियात जी ठरवून दिलेली ठिकाणं होती, त्यांना 'प्रवेशबिंदू' वगैरे म्हणू नका. निजामाच्या राज्यात सरहद्दीवर मालाची तपासणी करणारं खातं करोडगिरीचं. 'करोडगिरीचा नाका' हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी असायचा. करोडगिरी आता कुणाला कळणार नाही, पण 'नाका' कळेल. 'तपासणी नाका' लिहा.

परळीकर

नाका मान्य. पण नाक्यावरच्या माणसाला काय म्हणणार? निरीक्षक, पर्यवेक्षक आणि देखरेख अधिकारी असे तिन्ही शब्द बातम्यांत दिसतात. आपल्याकडे निरीक्षक म्हटलं की पोलीस निरीक्षक आठवतो, ज्याच्या हातात अधिकार असतो. पर्यवेक्षक परीक्षेच्या हॉलमध्ये असतो.

गोदाकाठ (नांदेड)

इथं अधिकाराचा प्रश्न आहेच. जानेवारी १९४९ पासून काश्मीरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे जे लष्करी लोक आले ते बघायला आणि कळवायला आले, अडवायला नाही. त्यांना 'निरीक्षक' म्हणावं, कारण मूळ अर्थ नीट बघणारा एवढाच आहे. सिमला करारानंतर भारतानं त्यांच्याकडे तक्रारी नेणं थांबवलं, पाकिस्तान अजून नेतो. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाममध्ये जो आयोग गेला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. त्याच्या नावातच देखरेख आणि नियंत्रण दोन्ही होतं, पण नियंत्रण करायला हातात काही नव्हतं. १९६२ च्या अहवालात भारत आणि कॅनडानं लिहिलं की उत्तर व्हिएतनाम दक्षिणेत माणसं आणि हत्यारं धाडतोय, आणि दक्षिणेला अमेरिकेची लष्करी मदत कराराबाहेर मिळतेय. पोलंडनं पहिल्या निष्कर्षाला संमती दिली नाही. अहवाल झाला, युद्ध वाढतच गेलं.

तरी अहवालाची भाषा हलकी समजू नका. युक्रेनमध्ये २०१४ ते २०२२ या काळात युरोपातल्या सुरक्षा संघटनेचं जे पथक होतं, ते रोज नोंद देई. किती स्फोट ऐकू आले, किती दिसले, कोणत्या दिशेला, किती अंतरावर. १०० मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या तोंडाच्या तोफा दोन फौजांमधल्या रेषेपासून ठरलेल्या अंतरावर मागे आहेत का, हे ड्रोननं बघितलं जाई. दोष कुणाचा हे ते सहसा लिहीत नसत. 'ऐकू आले' आणि 'दिसले' यांतला भेद मराठीत आपण बोलताना पाळतोच. आपल्याकडे 'म्हणे' हाही एक शब्द आहे, ऐकीव गोष्टीसाठी. निरीक्षकाच्या नोंदीत 'म्हणे'ला जागा नाही. मुलांना हे तीन प्रकार वेगळे करून लिहायला लावा, बातमी वाचण्याची दृष्टी येईल.

माजी सुभेदार (उदगीर)

नेपाळचं राहिलं. २००६ च्या शांतता करारानंतर माओवाद्यांची हत्यारं छावण्यांतल्या कंटेनरांत कुलूपबंद केली, आणि नेपाळी सैन्याचीही तेवढीच हत्यारं बंद केली. किल्ली ज्याची त्याच्याकडे, पण कुलपाला हात लागला की भोंगा वाजायचा, आणि संयुक्त राष्ट्रांचा माणूस पहाऱ्याला. आपले निवृत्त गुरखा जवान होते सुरुवातीच्या पहाऱ्याला. याला आम्ही 'जमा' म्हणू. 'शरण' नाही. हत्यार जमा केलं आणि शरण आलं, यात फार फरक आहे, वर्तमानपत्रवाले तो विसरायलेत.

योगेश्वरीनगरी (अंबाजोगाई)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात रसद, कुमक, नाका, निरीक्षक, जमा हे शब्द फळ्यावर लिहिले आणि उतारा परत करायला घेतला. मुलांनी लगेच विचारलं: १० मे २०२५ ला आपल्या परराष्ट्र सचिवांनी सांगितलं होतं की भारत आणि पाकिस्तान यांच्यात संध्याकाळी ५ पासून जमीन, हवा आणि समुद्रावरचा गोळीबार व लष्करी कारवाई थांबेल. ती शस्त्रसंधी होती का? आणि पंजाबच्या सीमेवर ड्रोन रात्री पिस्तुलं टाकून जातात, ती कुमक म्हणायची का?

गोदाकाठ (नांदेड)

पहिल्याबद्दल: दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी फोनवर बोलून ठरवलं, सही केलेला कागद जाहीर झाला नाही. भारत सरकारनं वापरलेल्या शब्दाला 'समझोता' जवळचा आहे, वर्तमानपत्रांनी शस्त्रसंधी लिहिलं. त्याच रात्री सचिवांनी उल्लंघनाची तक्रार केली, तेव्हा उल्लंघन कशाचं असं विचारलं तर 'समझोत्याचं' हेच नेमकं उत्तर. मी वर्गात तसं लिहून देईन.

दुसऱ्याबद्दल: कुमक सैन्याला मिळते. ड्रोननं टाकलेलं पिस्तूल टोळीला किंवा अतिरेक्याला मिळतं. त्याला 'शस्त्रतस्करी' म्हणा. ते पिस्तूल उद्या एखाद्या सैन्याच्या ठाण्यात सापडलं, तरच कुमक.

जायकवाडी (पैठण)

आणि कॉटनची विमानं निजामाच्या फौजेसाठी होती, म्हणून ती कुमक. हेही सांगा.