ओव्हरटाइमवरची करमाफी अलाबामाने काढून घ्यायला नको होती

रात्रपाळी_हंट्सविल:
मी इथल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये तासावारी काम करते. १ जानेवारी २०२४ पासून अलाबामात आठवड्याच्या ४० तासांपुढच्या कमाईवर राज्याचा आयकर लागत नव्हता. ३० जून २०२५ ला ही माफी संपली. माझा दर तासाला ३० डॉलर, ओव्हरटाइमला दीडपट म्हणजे ४५. पंधरवड्यात २० तास जास्त भरले की ९०० डॉलर. त्यातले चाळीसेक आता राज्याला जातात. रक्कम लहान वाटेल, पण हे तास झोपेतून काढलेले असतात. पहाटे पाचला सुपरवायझर म्हणते, "पुढच्या पाळीला माणूस नाही, थांबशील?" आणि आम्ही थांबतो.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२५ पासून ओव्हरटाइमला आयकरात वजावट दिलीय, पण ती फक्त दीडपटीतल्या वरच्या अर्ध्या भागाला. म्हणजे माझ्या ४५ पैकी १५ ला. राज्याने पूर्ण ४५ सोडले होते. ते परत द्यावेत.

हिशेबी_बर्मिंगहॅम:
ताई, तुमच्या कष्टांबद्दल दुमत नाही, मागणीबद्दल आहे. इथे आयकराचा पैसा शिक्षण निधीत जातो, शिक्षकांचे पगार त्यातून होतात. ही माफी वर्षाला साधारण ३.४ कोटी डॉलरला पडेल असा अंदाज होता. पहिल्या नऊ महिन्यांतच आकडा २० कोटींच्या पुढे गेला. माझी बायको सरकारी शाळेत शिकवते. रात्री अकरापर्यंत जेवणाच्या टेबलावर वह्या तपासते. तिला ओव्हरटाइम मिळतच नाही, मग माफी कसली?

रात्रपाळी_हंट्सविल:
वहिनींचं खरं आहे. पण अंदाज चुकला म्हणून पूर्ण माफीच बंद? केंद्राने एका माणसाला १२,५०० डॉलरची मर्यादा घातली, दीड लाखावर उत्पन्न गेलं की वजावट कमी होत जाते. राज्यालाही तसं करता आलं असतं.

मंटगमरीचा_बाबा:
माझा मुलगा रेस्टॉरंटात वेटर आहे. मूळ पगार तासाला २.१३ डॉलर, बाकी सगळी टिप. केंद्राने टिपेला २५,००० पर्यंत वजावट दिली, घरात आनंद झाला. तरी राज्याने तीच वाट धरू नये असं मला वाटतं. आत भांडी घासणाऱ्या पोराची वर्षाची कमाई तेवढीच, पण त्याला टिप नाही, म्हणून सवलत नाही. हे मनाला पटत नाही. त्यापेक्षा किराण्यावरचा राज्याचा कर काढा. ४ टक्के होता, २०२३ मध्ये ३ झाला, सप्टेंबर २०२५ पासून २. डाळ-तांदूळ दोघेही घेतात.

हिशेबी_बर्मिंगहॅम:
काकांशी सहमत.

रात्रपाळी_हंट्सविल:
काका, किराण्याचा कर जावाच. पण महिन्याला ५०० डॉलरचा किराणा धरला तर वाचतात १०. माझे पंधरवड्याला चाळीस जातात. त्यामुळे मी मागणी सोडत नाही. आमच्या भागाच्या आमदाराला पत्र धाडलंय, सोबत दोन पगारपत्रकं जोडली आहेत, एक जूनचं, एक जुलैचं.