मदत हवी आहे: गुडघ्यावरची पट्टी घामाने सुटते, मॅटवर उतरू द्यावं का?

मी ज्युदो शिकवते. एका मुलीचा गुडघा मॅटवर घासून सोलवटलाय, रुपयाएवढी जखम, अजून पाझरते. पू, ताप, सूज नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन, हातमोजे घालून न चिकटणारं ड्रेसिंग लावते, वर क्रेप बँडेज. दहा मिनिटांत सगळं घसरतं! चिकटपट्टीने तिची कातडी लाल होते, त्यामुळे तो उपाय बाद. मॅटवर रक्त लागलं तर पुसून पाण्यात १:१० मिसळलेलं ब्लीच लावते. तरी बाकीच्या मुलांची काळजी वाटतेच.

चिकटपट्टीशिवाय ड्रेसिंग घट्ट कशाने बसेल? आणि पाझर पूर्ण थांबेपर्यंत तिला पकडीच्या सरावापासून दूरच ठेवायचं, की नीट झाकलं तर चालेल?