मॉरिशसमधील मधुमेहाचे मृत्यू: आजार वाढला, की दाखला बदलला?

शैलजा_आकडेमोड

'रोखठोक' यांनी परवा येथे मॉरिशसवर लिहिलेला लेख वाचला आणि उत्तर दिल्याशिवाय राहवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की बारा-तेरा लाख वस्तीच्या त्या बेटावर तपासणी, औषधे, शस्त्रक्रिया, डायलिसिस हे सारे सरकारी खर्चाने होते, तरीही दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक मधुमेहाच्या नावावर नोंदला जातो आणि २००५ च्या सुमारास तर हे प्रमाण एकाएकी कित्येक पटींनी वाढले. यावरून फुकटच्या उपचारांनी माणसे बेफिकीर होतात आणि लवकर मरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे आणि महाराष्ट्राने यातून धडा घ्यावा असेही सुचवले आहे.

मधुमेह हा वर्षानुवर्षे शरीर पोखरणारा आजार आहे. एखाद्या देशात तो वर्ष-दोन वर्षांत अनेक पटींनी अधिक माणसे मारू लागला असे आकडे सांगत असतील, तर आधी आकड्यांची चौकशी करायला हवी. ज्या काळात मधुमेहाचे मृत्यू उसळले, त्याच काळात हृदयविकार आणि रक्ताभिसरणाच्या विकारांचे मृत्यू तितक्याच ठळकपणे खाली आले. एकूण मृत्यूंत तशी कोणतीही उसळी नाही. दाखल्यावरून मृत्यू कोणत्या आजाराच्या नावावर मोजायचा हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती तेथे वापरात आली, तोही हाच सुमार. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले आणि रोखठोक यांनी फक्त दुसरा खिसा मोजला.

दुसरी गोष्ट वयाची आहे. मॉरिशसमध्ये आज सहापैकी एकाहून अधिक माणसांनी साठी ओलांडली आहे आणि जन्मदर कधीच खाली आला आहे. अशा देशात दर हजारी मृत्यूंची संख्या वाढणारच. वयाचा फरक काढून टाकल्याशिवाय 'लवकर मरतात' हा शब्दप्रयोग करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या बेटावर १८६७ च्या हिवतापाने एका वर्षात वस्तीचा जवळपास दहावा हिस्सा नेला, जेथे गेल्या शतकाच्या चाळिशीत सरासरी आयुर्मान तिशीच्या घरात होते, तेथे ते आज पंचाहत्तरीला टेकले आहे. हे कोणत्या बेफिकिरीने झाले?

रोखठोक

शैलजाताई, आपण आकडेतज्ज्ञ आहात हे मान्य, परंतु माझ्या लेखातले आपल्याला सोयीचे तेवढेच आपण उचलले आहे. दाखल्यावरील नोंद बदलली असे घटकाभर धरून चालू. रक्त तपासून केलेल्या पाहण्यांचे काय? त्यांत मृत्यूचा दाखला कोठेच येत नाही. १९८७ च्या पाहणीत प्रौढांपैकी साधारण १३ टक्के मधुमेही आढळले आणि २००९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेले. त्या रक्तात साखर वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीने घातली काय?

आयुर्मानाचे श्रेय आपण मोफत दवाखान्यांना देता, पण ते १९४९ नंतरच्या डीडीटी फवारणीचे आहे. डास मारणे आणि माणसाला स्वतःच्या ताटाची जबाबदारी घ्यायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम सरकारने केले, दुसरे कोणीच केले नाही. शिवाय तेथील दोन-तृतीयांश वस्ती भारतीय वंशाची आहे आणि मधुमेह आपल्या रक्तातच आहे, हेही विसरून चालणार नाही.

वाक्वासची_सून

मी मूळची कणकवलीची आणि लग्नानंतर मॉरिशसमध्ये वाक्वासला स्थायिक झालेली आहे. माझ्या सासरचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले होते. रोखठोक यांचा लेख मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचला आणि संताप आवरेना.

माझ्या सासूबाई महाशिवरात्रीला दरवर्षी गंगा तलावापर्यंत चालत जात. एका वर्षी परतल्यावर त्यांनी मोजे काढले तेव्हा टाचेजवळ मोठा फोड फुटलेला होता आणि मोजा त्या जागी चिकटला होता. आम्ही तो पाणी लावून सोडवत होतो, तर त्या शेजारणीशी गप्पा मारत होत्या, कारण त्यांना काहीच जाणवत नव्हते. पुढे ती जखम काळी पडली, आधी अंगठा गेला आणि नंतर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर मूत्रपिंडे थकली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. त्याचा एक रुपयाही आम्हाला पडला नाही. तो पडला असता तर त्या आणखी सावध राहिल्या असत्या आणि म्हणून अधिक जगल्या असत्या, असे ज्यांना वाटते त्यांनी माझ्या नवऱ्याचा पगार ऐकावा.

'ताटाची जबाबदारी' हा शब्द मला फार लागला. येथे सकाळी कोपऱ्यावर पाव मिळतो तो मैद्याचा, शाळेबाहेर डालपुरी मिळते ती मैद्याची, आणि कामावरून उशिरा सुटलेल्या माणसाला रस्त्यावर मिळतात त्या परतलेल्या नूडल्स. ज्या देशाची दोनशे वर्षे उसावर गेली, तेथे साखर स्वस्त असणारच. माणूस जे मिळते ते खातो. आणि शैलजाताई, राग मानू नका, पण तुम्हीही 'खिसा' म्हणालात. त्या खिशात आमच्या सासूबाई आहेत.

तालुक्याचा_डॉक्टर

वहिनी, आपले दुःख समजू शकतो. रोखठोक यांच्या 'रक्तातच आहे' या विधानाला मात्र मी उत्तर देणे भाग आहे, कारण मॉरिशसच्या पाहण्यांनी जगाला काही शिकवले असेल तर ते नेमके याच्या उलट आहे. १९८७ मध्ये तेथे हिंदू, मुसलमान, क्रिओल (म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाचे) आणि चिनी अशा चारही समाजांत प्रौढांची तपासणी झाली आणि मधुमेहाचे प्रमाण सर्वांत १० ते १३ टक्क्यांच्या आसपास निघाले. पूर्वज बिहारचे असोत, आफ्रिकेचे असोत की चीनचे, एकाच बेटावर एकच बाजार वाट्याला आल्यावर सारे जवळपास सारखेच आजारी पडले. वंशाचा वाटा असतो, नाही असे नाही, पण तो पुढे करून बाजाराला निर्दोष सोडता येत नाही.

आता मूळ मुद्दा. मृत्यूच्या दाखल्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वरच्या ओळीला प्रत्यक्ष मृत्यू घडवणारी अवस्था लिहायची, तिच्याखाली ती कशामुळे झाली ते, त्याखाली तेही कशामुळे झाले ते. साखळीच्या तळाशी जे असेल ते मूळ कारण म्हणून मोजले जाते. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार येतात आणि ते मूळ कारणांच्या तक्त्यात दिसत नाहीत. मधुमेही माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला, तर डॉक्टरने मधुमेह पहिल्या भागाच्या तळाशी लिहिला की दुसऱ्या भागात, यावर तो कोणत्या रकान्यात मोजला जाणार हे ठरते. दाखल्यावरून सांकेतिक क्रमांक देणाऱ्या कारकुनाचे नियम बदलले, तरी तोच परिणाम होतो. त्यामुळे शैलजाताईंचा संशय रास्त आहे.

रोखठोक

डॉक्टर, मग साधा प्रश्न विचारतो. या दाखल्यांवर विश्वासच ठेवायचा नसेल, तर कोणत्याही देशाच्या मृत्यूंबद्दल कोणी काहीही बोलू नये, असेच ना?

गोदाकाठचा_नागरिक

इतका वेळ मी वाचत होतो, पण दाखल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे वडील कर्करोगाने गेले. शेवटचे काही महिने त्यांना अन्न गिळता येत नव्हते, घरातला प्रत्येक माणूस ते पाहत होता. एका खासगी रुग्णालयात त्यांचा अंत झाला आणि हातात आलेल्या कागदावर मृत्यूचे कारण एकच होते, 'हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडल्याने'. अहो, ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! मी त्या तरुण डॉक्टरला विचारले तेव्हा तो म्हणाला, असेच लिहितात. माझे वडील देशाच्या हिशेबात कर्करोगाचे रुग्ण म्हणून मोजलेच गेले नाहीत, ही गोष्ट मला अजून खुपते. मॉरिशसला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपले कागद पाहावेत.

तालुक्याचा_डॉक्टर

आपण म्हणता ते दुर्दैवाने सर्रास घडते. 'हृदयक्रिया बंद पडणे' हे कारण नव्हे, ती मरणाची खूण आहे, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. पण रात्री दोन वाजता नातेवाईक गाडी घेऊन दारात उभे असताना फॉर्म भरतो तो सर्वांत कनिष्ठ डॉक्टर, आणि ती साखळी कशी लिहावी हे त्याला कोणी शेजारी बसून दाखवलेले नसते. २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. बाकीच्यांचे कारण कोणत्याही डॉक्टरच्या सहीने नोंदलेले नाही. मॉरिशस याबाबतीत आपल्या फार पुढे आहे. तेथे जवळपास प्रत्येक मृत्यूची नोंद होते, म्हणून तर आपण येथे बसून २००५ ची उसळी ओळखू शकतो.

पामतेल_विरोधक

मॉरिशसचा विषय निघावा आणि तेलाबद्दल कोणी चकार शब्द काढू नये, याचे आश्चर्य वाटते. १९८७ मध्ये तेथील सरकारने रेशनवर मिळणाऱ्या तेलातून पामतेल हटवले आणि त्या जागी सोयाबीनचे तेल आणले. पाच वर्षांत लोकांच्या रक्तातील सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर आले. कोणालाही ताटाची जबाबदारी शिकवावी लागली नाही, दुकानातली बाटली बदलली. आणि आमच्या महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत काय वाटले? रवा, हरभराडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल! मी यावर अनेकांशी भांडलो आहे आणि पुढेही भांडणार आहे.

वाक्वासची_सून

गरिबाच्या दिवाळीला करंज्या तळायला तेल मिळाले, तर त्यावर भांडायला आपल्याला लाज कशी वाटत नाही? आपल्या घरी शेंगदाण्याचे तेल परवडते म्हणून हे सुचते.

पामतेल_विरोधक

लाज वाटावी असे मी काही बोललेलो नाही. गरिबाला तेल देऊ नका, असे मी म्हटले नाही. चांगले तेल द्या असे म्हटले. मॉरिशसनेही रेशन बंद केले नव्हते, रेशनमधली वस्तू बदलली होती. आपण त्याच देशात राहता, निदान आपल्याला तरी हा फरक दिसायला हवा होता.

शैलजा_आकडेमोड

कृपया एकमेकांच्या घरातले तेल काढू नका. तेलाच्या निर्णयाबद्दलची माहिती खरी आहे, परंतु अर्धीच आहे. त्याच पाच वर्षांत तेथे पुरुषांमधील धूम्रपान घटले, अतिमद्यपान घटले, रक्तदाबाचे प्रमाणही उतरले. लठ्ठपणा मात्र वाढला, विशेषतः स्त्रियांमध्ये, आणि मधुमेह तर जराही हटला नाही. बाटली बदलून जे साधण्यासारखे होते तेवढे साधले. कोलेस्टेरॉलला एक ठरावीक दार होते, सरकारने ते लावून घेतले. साखर, मैदा, बैठे काम आणि वाढते वजन यांना तसे एकच दार नाही. २०१३ पासून तेथे शीतपेयांवर त्यांतील साखरेच्या वजनानुसार कर आहे, आणि तो मला योग्यच वाटतो; पण त्यातून तेलासारखा झटपट परिणाम कोणी अपेक्षू नये.

वाक्वासच्या वहिनींना एवढेच सांगते, की मी मोजते ते माणसांची किंमत कमी करण्यासाठी नव्हे. तुमच्या सासूबाई चुकीच्या रकान्यात गेल्या, तर पायांची तपासणी करणाऱ्या परिचारिका किती हव्यात याचा सरकारचा अंदाजही चुकतो.

वाक्वासची_सून

सासूबाईंचा दाखला मी आज कपाटातून काढून पाहिला. वरच्या ओळीला हृदयविकाराचा झटका आहे, त्याखाली मूत्रपिंडे निकामी होणे आणि सर्वांत खाली मधुमेह. डॉक्टरसाहेब, म्हणजे त्या मधुमेहात मोजल्या गेल्या ना?

तालुक्याचा_डॉक्टर

होय वहिनी, मधुमेहात, आणि आपण वर्णन केलेला आजार पाहता ते योग्यच झाले. ज्याने हा दाखला लिहिला त्याने तो विचारपूर्वक लिहिला आहे. जुन्या पद्धतीत असाच मृत्यू हृदयविकारात गेला असता, अशी दाट शक्यता आहे. म्हणून शैलजाताईंनाही एक सांगतो. २००५ नंतरचे आकडे फुगलेले आहेत असे समजण्याऐवजी, त्याआधीचे आकडे मधुमेहाला झाकत होते, असेही असू शकते. रोखठोक यांनी दिलेल्या रक्ततपासणीच्या पाहण्या हेच सुचवतात.

शैलजा_आकडेमोड

हे मला मान्य करावे लागेल, आणि ते मी करते. उसळी कागदावरची आहे, पण कागदाखालचा आजार खोटा नाही. तरीही 'फुकट उपचारांनी माणसे मेली' हे विधान यातून मुळीच सिद्ध होत नाही, त्याबाबत मी तसूभरही मागे येणार नाही.

रोखठोक

लेखाच्या शीर्षकातील 'बुडवलेले बेट' हे शब्द मी काढतो आणि २००५ च्या उसळीचा परिच्छेद दुरुस्त करतो. त्यापुढे जाण्याची माझी तयारी नाही. पाय कापावा लागेपर्यंत टाचेचा फोड कोणाच्याच नजरेस का पडला नाही, दवाखाना मोफत आणि जवळ असताना तो घरातच का काळा पडत राहिला, याचे उत्तर मला येथे कोणीही दिलेले नाही.

वाक्वासची_सून

उत्तर मी देते, कारण ते घर माझे आहे. दवाखान्यात साखर तपासायचे, गोळ्या द्यायचे, पुढची तारीख द्यायचे. रांग सकाळीच दारापर्यंत आलेली असायची. इतक्या वर्षांत त्यांना चप्पल काढून तळवा दाखवा, असे कोणी एकदाही म्हटले नाही, आणि तसे म्हणायला हवे असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. आता माझ्या नवऱ्यालाही मधुमेह आहे. रोज रात्री तो झोपण्यापूर्वी मी त्याचे दोन्ही तळवे दिव्याखाली पाहते, बोटांच्या मधली जागासुद्धा. हे काम दवाखान्यातील परिचारिकेने सासूबाईंसाठी करायला हवे होते, आणि त्यासाठी तेथे आणखी परिचारिका हव्या होत्या, कमी नव्हे.