छातीत धडधड आणि होल्टरचा रिपोर्ट : तुमचे अनुभव लिहा

आईला (वय ६८) गेले काही महिने रात्री आडवं झालं की छातीत धडधडतं, मधेच ठोका चुकल्यासारखं होतं. इसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, म्हणून डॉक्टरांनी २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत इसीजी नोंदवणारं छोटं मशीन) लावला. काल रिपोर्ट आला. एकूण ठोके ९८ हजार, कमीत कमी रेट ४६, व्हीई १४१२, सगळ्यात मोठा पॉज (दोन ठोक्यांमधला थांबा) १.८ सेकंद. ते १४१२ बघून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय आणि अपॉइंटमेंट सोमवारची. जे यातून गेलेत त्यांनी प्लीज लिहा. औषधं सुचवू नका, ती डॉक्टर देतील, अनुभव हवेत.

नाशिक, पुरुष, ५१
ताई, आधी १४१२ ला एकूण ठोक्यांनी भागा, दीड टक्का पण होत नाही. माझे ११ टक्के होते. व्हीई म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधीच पडलेला ठोका, त्याच्यानंतर हृदय किंचित थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून लागतो, आपल्याला जाणवतो तो बहुतेकदा हा पुढचाच. डाव्या कुशीवर झोपलं की जास्तच, कारण हृदय छातीच्या भिंतीला टेकतं. माझ्या डॉक्टरांचं म्हणणं, प्रमाण १० टक्क्यांच्या वर बरीच वर्षं राहिलं तर पंपिंग कमी होऊ शकतं, म्हणून मी दर वर्षी इको करतो. इको नॉर्मल आहे ही आईंसाठी खरंच चांगली गोष्ट आहे. झोपेत ४६ रेट बघूनही घाबरू नका, रात्री तो उतरतोच.

धागाकर्ती
खूप धीर आला. डायरीत आईने ११.२० ला "धडधड" लिहिलंय आणि तासावारी तक्त्यात ११ ते १२ मधेच सगळ्यात जास्त व्हीई दिसतायत. हे सोमवारी दाखवते.

ठाणे, स्त्री, ३४
माझं वेगळं. बटण दाबल्यासारखी धडधड सुरू आणि तशीच फटकन बंद. कॉलेजपासून "टेन्शन घेऊ नकोस" हेच ऐकलं, होल्टर लावला की नेमकी त्या दिवशी काही नाही. शेवटी एकदा थांबेचना म्हणून कॅज्युअल्टीत गेले, इसीजीत रेट १९०, एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी वेगवान लय. तिथल्या डॉक्टरांनी सिरिंजमधे १५ सेकंद जोरात फुंकायला लावलं आणि लगेच आडवं करून पाय वर धरले, बऱ्याच जणांचं यानेच थांबतं म्हणाले, माझं नाही थांबलं. मग अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन. देण्याआधी सिस्टरने हात धरून सांगितलं, काही सेकंद जीव चालल्यासारखं वाटेल पण लगेच जाईल, आणि अगदी तसंच झालं. तिने आधी सांगितलं नसतं तर मी भीतीनेच गेले असते. ती इसीजीची पट्टी मी तिथेच फोनमधे काढून ठेवली आणि पुढे इपी स्टडी (हृदयात वायर घालून विजेच्या वाटा तपासणं), अ‍ॅब्लेशन (बिघाडाची जागा जाळून बंद करणं) सगळं त्या एका पट्टीवर ठरलं. मांडीच्या शिरेतून वायर घालतात, दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून सांगते, धडधड चालू असतानाचा इसीजी कुठल्याही परिस्थितीत मिळवा, जवळच्या साध्या दवाखान्यात का होईना.

सातारा
बायकोच्या होल्टरमधे फक्त सायनस टॅकीकार्डिया, म्हणजे ठोक्यांची लय नीट पण वेग जास्त. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. ते भरून आल्यावर धडधड गेली. सीबीसी आणि थायरॉइड आधी बघाच.

न्यू जर्सी
बाबांना काहीच त्रास नव्हता, स्मार्ट घड्याळाने एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय अनियमित होणं) दाखवलं. डॉक्टरांनी घड्याळावर न विसंबता १२ लीडचा इसीजी केला, त्यातही एएफ. हृदयात गुठळी होऊन पॅरॅलिसिसचा धोका असतो, म्हणून वय, बीपी, शुगर धरून स्कोअर काढला आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. बाबा म्हणत होते मला काही होत नाही तर गोळी कशाला, त्यांना हे पटवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

होल्टर लावणारी टेक्निशियन, पुणे
मशीन लावलं म्हणून दिवसभर पडून राहू नका हो! जिने चढा, भाजी आणायला जा, रोजचं सगळं करा, फक्त अंघोळ नको आणि पुढून बटणं असलेला सैल शर्ट घाला. धडधडलं की बटण दाबा आणि डायरीत वेळ लिहा, तेव्हा काय करत होतात तेही. डायरी कोरी आली की मला खरंच वाईट वाटतं, कारण डॉक्टर वेळ जुळवूनच बघतात. तुम्ही "धडधड" लिहिलंय आणि त्या मिनिटाला लय नॉर्मल आहे, हेही मोठं उत्तर आहे, त्या त्रासाला लय बिघडणं कारण नाही हे कळतं.

कोल्हापूर
मिस्टरांना धडधडीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी यायची. होल्टरमधे जागेपणी ४ सेकंदांच्या वर पॉज निघाला, त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला, आता शेतात जातात. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं यातलं काही धडधडीसोबत असेल तर सोमवारची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.